बोटीवरची पंगत

अहो, जरा इकडे या. अश्शा, कुंपणाजवळ. तो पाइप राहू द्या तसाच, जास्वंदीला दोन मिनिटांनी काही होत नाही. ऐकलंत का, कोपऱ्यावरच्या काकूंचं? अलास्काला जाऊन आल्या ते नव्हे हो, ते तर अख्ख्या सोसायटीला माहीत आहे. बर्फाचे इतके फोटो पाठवले की आमच्याकडे ह्यांना शिंका सुरू झाल्या. मी सांगतेय ते फोटोंत नाहीये. बोटीवर जेवणाच्या टेबलावर काय झालं, ते.

मला कसं कळलं? अर्धं काकूंनी सांगितलं, अर्धं काकांनी, ते पण काकू आत चहा टाकायला गेल्यावर. आणि उरलेलं… आता मी मुद्दाम नव्हते हो गेले, विरजण मागायला गेले होते, तर नेमका लेकीचा व्हिडिओ कॉल चालू. मग काय, वाटी हातात धरून उभी राहिले.

तर काय सांगत होते… हां. लेक-जावई सिअ‍ॅटलला. त्यांच्या डोक्यात आलं की दोन्हीकडच्या आईवडिलांना एकदमच बोलवावं आणि एकदमच बोटीवर न्यावं. सात रात्री! अहो, लग्नात दोन दिवस एका कार्यालयात काढले, तर त्या बासुंदीवरून काय झालं होतं ते आपण दोघींनी पाहिलंय ना डोळ्यांनी? सांगलीच्या विहीणबाई म्हणजे… जाऊ दे. वरमाय ती वरमाय. लग्नाला नऊ वर्षं झाली तरी त्या अजून पहिल्या पंगतीच्या पाटावरून उठलेल्या नाहीत.

आणि गंमत बघा, बोटीवरही पंगतीच असतात! मला वाटायचं, बोट म्हणजे काय, बुफे असेल, घ्या आणि खा. तो असतोच वर कुठल्या तरी मजल्यावर. पण रात्रीचं खरं जेवण मोठ्या डायनिंग रूममध्ये. बोटीवर माणसं चार हजार, ती एका वेळी मावणार कुठे? म्हणून दोन पंगती. पहिली साडेपाच-सहाला, दुसरी आठ-साडेआठला. पहिली पंगत जेवते तेव्हा दुसरी थिएटरात नाचगाणी बघते, मग अदलाबदल. टेबल रोज तेच, वाढपीही तेच. दुसऱ्या दिवसापासून त्यांना तुमचं नाव पाठ. आता नवीन पद्धतही निघालीय, वाटेल तेव्हा या म्हणतात. पण जावई म्हणाले, वाटेल तेव्हा म्हणजे सगळ्यांना सातलाच वाटतं, आणि सहा जणांचं टेबल रिकामं होईपर्यंत दारात ताटकळायचं. म्हणून त्यांनी सरळ पहिली पंगत घेतली. सहाची.

काकूंचं तोंड इथेच पडलं पहिल्यांदा. सहाला? आपली तर दुपारची झोप उतरलेली नसते. पण विहीणबाई म्हणाल्या, "आमच्याकडे पहिल्याच पंगतीला बसतात." संपलं.

जावई मोठा पद्धतशीर माणूस, माहीत आहे ना. त्यांनी एक्सेल शीट केली होती. काकांनी मला दाखवली, प्रिंट काढून पंचांगासारखी खिळ्याला लावलीय अजून. दिवस, बंदर, बोट कधी लागते, कधी सुटते, शो किती वाजता, जेवण कुठे, आणि शेवटच्या रकान्यात काय, तर कपडे! कोणत्या रात्री काय नेसायचं ते. काका म्हणतात, "बँकेत चाळीस वर्षांत माझं एवढं ऑडिट कोणी केलं नाही."

आणि तिकिटातल्या जेवणाखेरीज पैसे टाकून जेवायची हॉटेलंही असतात बोटीवर. स्टेकहाउस, इटालियन, जपानी. माणशी पन्नास-साठ डॉलर, वर अठरा-वीस टक्के टीप आपोआप लागते. मी म्हटलं, हे बरंय, आधी फुकट म्हणायचं आणि मग… तर काका लगेच सरसावून बसले. त्यांना विचारलं नाही तरी सांगतातच. म्हणे, हे आजचं नाही. १९०५ साली 'आमेरिका' नावाची जर्मन बोट निघाली, तिच्यावर रिट्झच्या नावाचं वेगळं हॉटेल होतं, ज्याला हवं त्याने जादा पैसे देऊन जेवावं. टायटॅनिकवरही तसंच होतं. मी म्हटलं काका, टायटॅनिकचं नाव नका काढू, काकू बोटीवर बसायच्या होत्या तेव्हा तरी नव्हतंत ना काढलं? तर म्हणाले, "काढलं होतं." घ्या!

तर त्या हॉटेलांची रिझर्व्हेशनं म्हणे महिनेन् महिने आधी करावी लागतात. सहा जणांची टेबलं असतात मोजकी, आणि साडेसहा ते साडेसातच्या वेळा चटकन भरतात. मागे राहिलात तर एक तर साडेपाचला जेवा, नाही तर नऊला. काही लोक काय करतात, सगळ्या हॉटेलांचं एकगठ्ठा पॅकेज घेतात. स्वस्त पडतं, पण वेळा आधी मिळत नाहीत. मग बोटीवर पाय ठेवला की बॅगा सोडून आधी रांगेत उभं राहायचं. जावयांनी तसं केलं नाही. त्यांनी एकच हॉटेल घेतलं, इटालियन, आणि रात्रसुद्धा किती विचार करून! जुनोच्या दिवशी नको, कारण बोट तिथे रात्रीपर्यंत थांबते आणि देवमासे बघून परतायलाच उशीर होतो. तिथे जुनोला म्हणे बाहेरून रस्ताच जात नाही, राजधानीचं गाव असून. जायचं तर बोटीने नाही तर विमानाने. हिमनदीच्या दिवशी नको, सगळे डेकवर कुडकुडत उभे असतात. व्हिक्टोरियाच्या रात्री नको, कारण तिथे बोट लागतेच संध्याकाळी आणि अख्ख्या बोटीला लवकर जेवून खाली उतरायचं असतं. फॉर्मल नाइटला नको, त्या रात्री मोठ्या खोलीतला थाट चुकतो. मग उरला कोणता? चौथा दिवस. स्कॅगवे. जुन्या सोनं शोधणाऱ्यांचं गाव, ती डोंगरातली रेल्वे आहे ना तिथली. संध्याकाळी साडेसहा, टेबल सहा जणांचं, खिडकीजवळ.

सगळं पाहिलं होतं हो त्या मुलाने. पंचांग तेवढं नव्हतं पाहिलं.

थांबा, त्याच्याकडे येते. आधी फॉर्मल नाइट.

सात रात्रींत दोन रात्री नटायच्या. कधी, तर ज्या दिवशी बोट बंदराला लागत नाही, दिवसभर समुद्रातच असते, त्या रात्री. म्हणजे तयारीला वेळ. पहिल्या रात्री कधीच नसते, का माहितीये? बॅगा खोलीत पोचलेल्या असतीलच असं नाही. आणि शेवटच्या रात्रीही नसते, कारण झोपायच्या आत बॅगा भरून दाराबाहेर ठेवायच्या असतात. नाही तर पैठणी नेसून बॅगेवर बसून ती बंद करत्येय अशी मूर्ती डोळ्यांसमोर आणा!

पुरुषांना सूट-टाय, बायकांना लांब झगा नाही तर काहीतरी झकपक. आता पूर्वीइतकं कोणी कडक नाही म्हणे. नॉर्वेजियन नावाची कंपनी आहे, तिने तर २००० सालापासून हे प्रकरणच काढून टाकलंय, फ्रीस्टाइल म्हणतात. काका म्हणाले, "मग आपण त्या बोटीने का नाही गेलो?" पण ती क्यूनार्डची क्वीन मेरी २ आहे ना, साउदम्प्टनहून न्यू यॉर्कला जाते ती, तिच्यावर अजून सहा वाजले की कपडे बदला. गाला रात्री एकदा काळं-पांढरं, एकदा मुखवटे लावून. पण त्यांच्या नियमातसुद्धा लिहिलंय, आपापल्या देशाचा समारंभी पोशाख चालतो. हे काकूंच्या लेकीने काकूंना सांगितलं. आणि जावयांनी… हे ऐका आता… जावयांनी आपल्या आईला फक्त एक्सेल शीट पाठवली. तिच्यात रकान्यात काय, "गाउन किंवा तत्सम".

आता विहीणबाई. नऊवारीवरून पाचवारीवर आल्या त्याला सांगलीत साक्षीदार आहेत. पण वरमाय मागे कशी पडेल? गुपचूप लेकाबरोबर बेलव्ह्यूच्या मॉलमध्ये जाऊन गाउन आणला. जांभळा. चमकीचा. काकूंना पत्ता नाही. काकूंनी घेतली ती लग्नातलीच येवल्याची पैठणी, मोरबांगडी पदर. तुम्ही पाहिलीय.

दुसरा दिवस. पहिली फॉर्मल नाइट. आणि तिथे घड्याळाने घोळ घातला.

अलास्काची वेळ सिअ‍ॅटलपेक्षा एक तास मागे. मग बोट पहिल्या रात्री सगळ्यांना कळवते, झोपताना घड्याळं तासभर मागे करा. बोटीवर बोटीची वेळ, म्हणजे जेवण त्या वेळेने, शो त्या वेळेने, रिझर्व्हेशन त्या वेळेने. फोन विमानाच्या मोडवर टाकलेला, तो आपला जुन्याच वेळेत. आणि व्याह्यांच्या मनगटावर सासऱ्यांनी लग्नात दिलेलं घड्याळ, किल्लीचं. ते मागे करा म्हटलं तर म्हणाले, "या घड्याळाने कधी दगा दिलेला नाही."

झालं! त्यांच्या घड्याळात सहा म्हणजे बोटीचे पाच. दोघं नटून-थटून बरोब्बर सहाला हजर, दार बंद. आत वाढपी नॅपकिनची कमळं करत बसलेले. बरं, खोलीवर परत जायचं तर लोक बघतील. म्हणून उभ्या राहिल्या बाई तासभर, गाउनमध्ये, उघड्या दंडांनी, एसीत! फॉर्मल नाइटला फोटोवाले असतात ना जिन्याजिन्यावर, खोटा सूर्यास्त, खोटा जिना असले पडदे लावून. त्यांना एवढ्या लवकर कोण गिऱ्हाईक मिळणार? त्यांनी दोघांना धरलं. सहाच्या सहा पडद्यांपुढे फोटो. व्याही आखडलेले, बाई काकडलेल्या.

आणि मग सहा वाजता, खरे सहा, जिन्यावरून काकू उतरल्या. पैठणी, नथ, शाल.

काकूंनी हे मला तीनदा सांगितलं, तिन्ही वेळा पदर सावरून दाखवला. एक गोरी म्हातारी, मोत्यांचा सर घातलेली, उठून जवळ आली आणि विचारलं, हात लावून बघू का? मग तिची मैत्रीण. मग त्या दोघींचे नवरे. हे मोर विणलेले आहेत? हातमागावर? किती दिवस लागतात? काकूंना इंग्रजी बेताचं, पण काका मागून बजेट मांडल्यासारखे माहिती देत होते. फोटोवाला पडदा सोडून धावत आला. आणि विहीणबाई मागे जांभळ्या… लेक म्हणाली, "आई, त्यांचा चेहरा असा झाला ना, जसा भाताला आधण कमी पडल्यावर…" आणि मग तिला दिसलं मी मागे उभी आहे ते. गप्प झाली. वाटी दिली मला विरजणाची.

त्या रात्री टेबलावर कोणी बोललं नाही. वाढपी तेवढा बोलला. तो कोण होता सांगू? गोव्याचा! मडगावचा. अहो, या बोटींवर गोव्याची कितीतरी माणसं असतात, पिढ्यान् पिढ्या. त्यांच्याकडे त्याला तारवटी म्हणतात. काकूंची नथ बघून जवळ आला आणि म्हणाला, "मावशी, कितें जाय?" काकूंचे डोळेच भरून आले. डाळ-भात, भाजी, काय हवं ते आदल्या रात्री सांगा म्हणाला, दुसऱ्या दिवशी भटारखान्यातून करून आणतो.

पण विहीणबाईंचं ताट वेगळं. आषाढी होऊन गेलेली, म्हणजे चातुर्मास. कांदा-लसूण बंद. आता हे अमेरिकन कंपनीच्या फॉर्मवर लिहायचं कसं? जावयांनी डोकं चालवलं आणि 'जैन' या चौकोनात खूण केली. बरोबरच की वरवर. पण जैन म्हटल्यावर बटाटाही गेला ना हो! गाजर गेलं, मुळा गेला, जमिनीखालचं सगळंच गेलं. रोज काकूंच्या ताटात बटाट्याची भाजी, काकांच्या ताटात तळलेले बटाटे, आणि बाईंच्या ताटात भोपळी मिरची. तीन दिवस! तो मडगावचा पोरगा तरी काय करणार, खाण्याच्या पथ्याच्या बाबतीत बोटीवाले फार कडक, कागदावर असेल तेच. आणि बाईंनी विचारलं का? छे. "आम्हाला मागून खायची सवय नाही."

बटाटा लक्षात ठेवा हं तुम्ही.

तर मग चौथा दिवस. इटालियन हॉटेल, खिडकीजवळचं टेबल. सकाळी नाश्त्याला बाईंनी कॉफी बाजूला सारली आणि म्हणाल्या, "आज संकष्टी."

जावयांच्या हातातला काटा तसाच राहिला म्हणे. रिझर्व्हेशन रद्द करायचं तर चोवीस तास आधी, नाही तर पैसे लागणारच. वेळ गेली होती. बरं, चंद्र दिसला की सोडेन म्हणाल्या. जुलैत अलास्कात दिवस मावळतो रात्री दहाला! चंद्र कुठला, आधी अंधार तरी पडू दे. तर आपले काका. त्यांनी नॅपकिनवर हिशोब मांडला. आपण अलास्काच्या साडेतेरा तास पुढे. सांगलीत चंद्रोदय रात्री दहाच्या आसपास, म्हणजे इथे सकाळचे साडेआठ. "विहीणबाई, तुमचा चंद्र आम्ही नाश्ता करत होतो तेव्हाच उगवला. सोडा उपास."

आणि बाई काय म्हणाल्या? "उपास मी करत्येय की सांगली?"

मला सांगा, यावर काय बोलणार? काका कधी नव्हे ते निरुत्तर. मला तर बाई, तिथे त्यांचं थोडं कौतुकच वाटलं. काकूंना नका सांगू.

संध्याकाळी साडेसहाला सगळे जाऊन बसले. पाच जणांनी पास्ता, तिरामिसू, काय काय. बाईंच्या पुढे फळांची बशी. उपासाला बटाटा चालतो हो! पण जैन ना. कंपनीच्या कॉम्प्युटरवर ती खूण सगळ्या हॉटेलांत दिसते. चार फोडी कलिंगडाच्या, दोन अननसाच्या, एक स्ट्रॉबेरी. काकांनी घरी आल्यावर गुणाकार केला, पंचावन्न डॉलर, वर टीप, डॉलर पंच्याऐंशीने धरा… साडेपाच हजारांची फळं! अहो, त्यात मंडईतून देवगडच्या पेट्या आल्या असत्या. आणि चंद्र? अकरापर्यंत सगळे शाली गुंडाळून डेकवर. ढग. डोंगर. शेवटी लेकीनेच कुठलासा दिवा दाखवून "तो काय" म्हटलं. बाईंनी हात जोडले. त्यांना कळलं नसेल असं नाही मला वाटत.

पाचव्या दिवशी हिमनदी, ती तुम्ही फोटोत पाहिलीय.

आता सहावा. दुसरी फॉर्मल नाइट. या रात्रीचं महत्त्व काय, तर लॉबस्टर! बऱ्याच बोटींवर तशी पद्धतच आहे म्हणे, नटायच्या दोन रात्रींपैकी दुसरीला लॉबस्टर. तिकिटातच, जादा पैसे नाहीत. म्हणून त्या रात्री डायनिंग रूम भरभरून वाहते, आणि वाढपी नॅपकिन फिरवत नाचत टेबलांमधून जातात. आपल्याला त्याचं काय, आपण शाकाहारी. काकू शाकाहारी, काका शाकाहारी, लेक तिकडे जाऊन काय खाते ते विचारायचं नाही. आणि सांगलीचं घर तर सोवळ्याचं. हो ना? सगळ्यांना तेच वाटत होतं.

आदल्या रात्री पुन्हा चिठ्ठी. परत निघालो, घड्याळं तासभर पुढे करा. पण त्या पहिल्या फजितीनंतर व्याह्यांनी शेवटी घड्याळ मागे केलं होतं, सासऱ्यांची क्षमा मागून. आता पुढे करा म्हटल्यावर त्यांना वाटलं ही काय थट्टा आहे? "एकदा फसलो, आता नाही." केलं नाही. आणि बायकोलाही करू दिलं नाही.

सहाला टेबल लागलं. काकू या वेळी इरकलीत, काका त्यांच्या लग्नातल्या सुटात, मधलं बटण श्वास रोखून लावलेलं. सव्वासहा. साडेसहा. विहीणबाई-व्याही नाहीत. जावई खोलीवर जाऊन आले, खोलीत नाहीत. काकूंना वाटलं, रुसल्या. त्या पैठणीवरून रुसल्या. त्यांना अगदी… म्हणजे तसं मनातून बरंही वाटलं असेल, पण घशाखाली घास उतरेना एवढं खरं. बोटभर ब्रेड घेऊन बसल्या.

सातला दोघं डुलत डुलत आले. डेकवर वारा खात बसले होते, त्यांच्या हिशोबाने अगदी वेळेवर! बाई या वेळी साडीत. हिरवी, चंद्रकळेसारखी काठाची, आणि अंबाड्यावर कुठून मिळवली कोण जाणे, एक फुलाची वेणी. काकू म्हणतात, फार शोभत होत्या. हे काकू म्हणतात, लक्षात घ्या.

टेबलावर सगळ्यांचं निम्मं जेवण झालेलं. दोघं ओशाळले. आणि तेवढ्यात आपला मडगावचा पोरगा आला धावत, चेहरा फुललेला, हातात ताट, वर झाकण. व्याह्यांच्या पुढे ठेवलं, झाकण काढलं आणि सगळ्या टेबलाला ऐकू जाईल असं म्हणाला, "काका, तुम्ही परवापासून सांगून ठेवलं होतं ना? संपत आले होते, तुमचा राखून ठेवला!"

लॉबस्टर. लालबुंद. लोण्यात.

अहो, चातुर्मासात! सांगलीच्या सोवळ्यात! काकूंनी काकांकडे बघितलं, काकांनी छताकडे, जावयांनी एक्सेल शीट असल्यासारखं नॅपकिनकडे. व्याह्यांचा चेहरा लॉबस्टरपेक्षा लाल. त्या पोराच्या लक्षात आलं, काहीतरी चुकलं. तो ताट उचलायला पुढे झाला. आणि बाईंनी हात आडवा केला.

लेक म्हणाली, मी मनात रामरक्षा सुरू केली.

बाईंनी ताटाकडे बघितलं, नवऱ्याकडे बघितलं. मग त्या पोराकडे वळल्या आणि म्हणाल्या, "यांचं राहू दे. मला बटाटे आणा. तळलेले. आणि कांदा घातला असला तरी चालेल."

नाही, थांबा, पुढचं ऐका. सगळे गप्प. आणि पहिलं कोण हसलं? काकू! त्यांना आवरेचना, पदर तोंडात धरला तरी आवरेना. आणि मग बाई. दोघी हसल्या, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. पलीकडच्या टेबलावरची ती मोत्यांची म्हातारीसुद्धा हसायला लागली, कशाला ते न कळता. व्याही आपले मान खाली घालून, चिमट्याने नांगी फोडत. कोल्हापूरच्या हॉस्टेलात असताना सवय लागली म्हणे. एकेचाळीस वर्षं संसार झाला आणि पत्ता नाही! की होता? मला विचाराल तर होता. सोवळ्यात बायकांना सगळं माहीत असतं.

व्हिक्टोरियाला मग दोघी विहिणी हातात हात घालून उतरल्या. तिथे थांबायचं कारणही काकांनी सांगितलं, तुम्हाला सांगितलंच पाहिजे नाही तर मला पचायचं नाही. अमेरिकेत १८८६ सालचा कायदा आहे, परदेशी झेंड्याच्या बोटीने अमेरिकेच्याच बंदरातून निघून तिथेच परत यायचं तर मध्ये एखादं परदेशी बंदर घ्यावं लागतं. म्हणून तो दोन घटकांचा कॅनडा, आणि आपल्या पासपोर्टवर त्यासाठी कॅनडाचा वेगळा व्हिसा. जावयांच्या शीटमध्ये तो रकाना होता बरं का.

आता मी हे तुम्हाला का सांगत्येय. परवा सांगलीहून काकूंना फोन आला, स्पीकरवर होता म्हणून कानावर पडलं. बाई म्हणाल्या, आपण दोघीच जाऊ या आता. नवरे नकोत, पोरं नकोत, शीट नको. मुंबईहून कॉर्डेलिया सुटते ना गोव्याला, तिने. तिच्यावर जैन जेवणाचं वेगळं विचारावंही लागत नाही, आणि बटाटा हवा तर मागायला आपली भाषा आहे. आणि म्हणाल्या, नटायची रात्र तिथे कोणी सक्तीची करत नाही, तर आपली आपण ठरवू. दोघींनीही पैठणी. काकू म्हणाल्या, दोघी कशाला, चौघी असलो तर एक आख्खं टेबल आपलं होईल. आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "येतेस का गं?"

मी हो म्हणून टाकलं. ह्यांना अजून सांगितलेलं नाही. घड्याळ मी फोनचंच बघणार, आणि दुसरी पंगत घेणार, आठची, यावर मी अडून बसल्येय.

चौथी जागा रिकामी आहे म्हणून तुम्हाला हाक मारली हो. नसेल जमत तर… म्हणजे गुडघ्याचं मला माहीत आहे, बोटीचे जिने… तर मग निदान तुमची ती मोरपंखी पैठणी? पुतणीच्या लग्नात नेसला होतात ती? ड्रायक्लीन करून देईन. हळू, हळू बोला, त्या बघा काकू फाटक उघडून बाहेर आल्या. पाइप घ्या हातात. काय काकू, फिरायला निघालात? आम्ही आपलं जास्वंदीचंच बोलत होतो.